आडीत उतू गेलेलं दूध

घर दाखवायला निघाले की माझ्या पिशवीत तीन वस्तू असायच्या. किल्ल्यांचा जुडगा, छत्री आणि अंगाच्या साबणाची एक वडी. लोक किल्ल्यांकडे बघायचे. साबणाकडे कोणी बघायचं नाही आणि खरं काम तोच करायचा. चेन्नईत घर बघताना आधी नळ सोडायचा आणि हात धुवायचे. फेस आला तर पाणी गोडं. फेस आलाच नाही, हात चिकट राहिले, तर बोअरमध्ये खारं पाणी शिरलंय असं समजायचं. मग त्या घराला संगमरवरी फरशी असो की बाल्कनीत झोपाळा, सहा महिन्यांत तुमचे केस कंगव्यात येणार. एवढं साधं शास्त्र आहे हे. ते कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत, कारण न आलेला फेस दिसायला सुंदर नसतो.

मी घरं भाड्यानं लावून द्यायची. दलाल म्हणा, ब्रोकर म्हणा, मला कशाचंच वाईट वाटत नाही. तीस वर्षं हा धंदा केला. गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा किल्ल्या भाचीच्या हवाली केल्या आणि घरी बसले. आम्ही तंजावरकडचे मराठी. आमची मराठी ऐकून महाराष्ट्रातली माणसं हसू दाबतात, कारण तिच्यात निम्मं तमिळ असतं आणि चाल तर सगळीच तमिळ. आत्ता मी जी लिहितेय ती मराठी गिऱ्हाइकांकडून उचललेली आहे. पुण्याची, नाशिकची, सोलापूरची माणसं नोकरीला इथं यायची, भाषा येत नाही म्हणून बावरलेली असायची, आणि कोणीतरी त्यांना माझा नंबर द्यायचं. ‘मांबलमच्या कमला मामींना फोन करा, त्यांना मराठी येतं.’ इथं मामी म्हणजे मामाची बायको नव्हे. आमच्यासारख्या घरातल्या वयस्क बाईला सगळं गावच मामी म्हणतं.

धंद्यात माझे दोन नियम होते. पहिला पाण्याचा, तो सांगितला. दुसरा बसचा. इरुंगाट्टुकोट्टै, गुम्मिडिपूंडी इथले कारखाने शहरापासून लांब. कंपनीची बस सकाळी ठरलेल्या थांब्यांवरून माणसं उचलते. तेव्हा गिऱ्हाइकानं ‘हॉल मोठा हवा’ असं म्हणायच्या आत मी विचारायची, ‘बस कुठं थांबते?’ त्या थांब्यापासून चालत पाच मिनिटांत जे घर मिळेल ते तुमचं घर. बाकी मोराचा पिसारा मला दाखवू नका. ह्या दोन नियमांवर मी कितीतरी संसार मांडून दिले. एकदाच दोन्ही नियम मोडले. ती गोष्ट सांगायलाच हे लिहायला बसलेय, पण आधी थोडं मन मोकळं करते.

माणूस गाव सोडून दुसऱ्या गावाला का जातो? लोक म्हणतात पोटासाठी. माझ्याकडे येणाऱ्यांत पोटासाठी आलेले होतेच, पण कुठं जायचं आणि कुठं जायचं नाही हे त्यांना पोट सांगत नव्हतं. पूर्वी आधी गेलेल्या चुलत्याचं पत्र सांगायचं. त्यात निदान ढेकणांचा उल्लेख असायचा. मग सिनेमा सांगायला लागला, मग टीव्हीवरच्या बातम्या, आणि आता हातातला तो फोन. ह्या तिघांनी मला जेवढी गिऱ्हाइकं दिली तेवढीच पळवली, आणि जी दिली ती डोक्यात भुसा भरून दिली.

साताऱ्याचा एक तरुण इंजिनिअर आला होता. शिकलेला, गुणी. बारा-पंधरा वर्षं त्यानं टीव्हीवर आमच्याकडचे मारामारीचे सिनेमे हिंदीत बघितले होते. त्याला वाटायचं इथं गल्लोगल्ली पांढऱ्या लुंगीतला, मिशीवाला एक दादा असतो आणि मोटारी हवेत उडतात. रिक्षात बसल्या बसल्या त्यानं मला हळूच विचारलं, “मामी, इथं रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहिलेलं चालतं?” मी त्याला नंगनल्लूरला नेलं. मालक निवृत्त हेडमास्तर. मिशी भरघोस, कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, आणि नारळ सोलायचा म्हणून हातात कोयता. माझ्या इंजिनिअरचा चेहरा असा उतरला की काय सांगू! त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला. पुढे दोन वर्षं तो त्या म्हाताऱ्याला सकाळ-संध्याकाळ तसाच नमस्कार करत राहिला. हेडमास्तर मला म्हणाले, “असा संस्कारी मुलगा मी बघितला नाही. मराठीच भाडेकरू देत जा.” मी दोघांनाही काही सांगितलं नाही. इथपर्यंत ठीक होतं, हसण्यावारी नेता येत होतं.

बातम्यावाल्यांचं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. एका वर्षी पावसानं शहराची दैना केली. सखल भागात लोकांच्या माळ्यापर्यंत पाणी चढलं, खरोखर हाल झाले. आमची गल्ली उंचावर, कोरडी. दुपारी एक वार्ताहर आला, दिल्लीकडचा. माझ्या ओट्यावर बसला, माझ्या हातची फिल्टर कॉफी प्याला, छान आहे म्हणाला. मग पॅन्ट वर दुमडून समोरच्या नाक्यावरच्या खड्ड्यात जाऊन उभा राहिला. गटाराच्या कामासाठी खणलेला खड्डा तो! कॅमेरा लावला, आणि गळा काढून सांगायला लागला की मांबलम बुडालं. मी ओट्यावरून ओरडले, “अहो, जिथं बुडालंय तिथं जा की!” तो म्हणाला, “तिथं गाडी जात नाही, मॅडम.” खरं पाणी होतं तिथं गाडी जात नव्हती, म्हणून ह्यानं आमच्या खड्ड्यात चेन्नई बुडवली. कोल्हापूरचं एक जोडपं त्याच आठवड्यात येणार होतं. घर ठरलेलं, नोकरी ठरलेली. नवऱ्याच्या आईनं टीव्हीवर माझ्या गल्लीचं नाव ऐकलं आणि अन्नपाणी सोडलं. मी फोनवर शपथा घेतल्या, ओट्याचा फोटो पाठवला. ती माउली म्हणाली, “तुम्ही जुना फोटो पाठवलाय.” मुलानं नोकरी सोडली. पाणी न बघितलेला माणूस पाण्याला भिऊन घरी बसला, आणि ज्यांच्या घरात खरं पाणी आलं ते घर धुऊन पुन्हा तिथंच राहिले. कुठं जाणार?

तर अशी मी, सगळ्यांना नावं ठेवणारी. आता माझं ऐका.

कोवलमला, म्हणजे शहराबाहेर समुद्राच्या रस्त्यावर कोळ्यांचं गाव आहे तिथं, एका इमारतीत चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या ताब्यात होता. मालक मूर्ती सार (सरांना आम्ही सार म्हणतो), बँकेतून निवृत्त. हौसेनं घर सजवलं होतं. सागवानी पलंग, वेताचा झोपाळा आणि बाल्कनीसमोर अख्खा समुद्र. मग त्यांना फोनवर कॅनडाचे व्हिडिओ दिसायला लागले. लाल पानांची झाडं, बर्फ, गोरे शेजारी हसून हात हलवतायत. मुलगा तिकडे होताच. सत्तरीला आलेला माणूस, घर कुलूपबंद करून गेला. आता महिन्यातून एकदा मला व्हिडिओ कॉल करतो. मुलाच्या तळघरातल्या खोलीत स्वेटर घालून बसलेला असतो आणि म्हणतो, “मामी, जरा बाल्कनीत जाता का? समुद्र दाखवा.” त्या एका घराची किल्ली अजून माझ्याकडेच आहे; कोवलमला गेलेली असले तर बाल्कनीत जाऊन फोन धरते. मग लाटांचा आवाज यावा म्हणून फोन कठड्याबाहेर धरायला लावतो.

ते घर भाड्यानं जात नव्हतं. एक तर पाणी खारं, साबण दगडासारखा कोरडा राहायचा. दुसरं, कामाच्या जागांपासून लांब. तिसरं, आडी महिना लागला होता. आडी म्हणजे आमच्याकडचा तमिळ महिना, साधारण तुमच्या आषाढ-श्रावणाच्या सांध्यावर येतो. देवीचा महिना, आंबील वाटायचा महिना, पण घर बदलायचा नव्हे. आडीत इथं कोणी बिऱ्हाड हलवत नाही. नव्या घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा दूध उकळून उतू घालवतात, मग बाकीचं सामान. ते दूध आडीत कोणी चुलीवर ठेवणार नाही. धंदा महिनाभर ठप्प. ब्रोकर लोक त्या महिन्यात दात उपटून घेतात, नातेवाइकांकडे जातात.

मीही घरी मुरुंगैचा, म्हणजे शेवग्याचा, पाला निवडत बसले होते तेव्हा सायलीचा फोन आला. सायली पुण्याची, इथं आयटीत. दोन वर्षांपूर्वी मीच तिला घर लावून दिलं होतं, एका बोळातलं, पण पाणी गोडं. नोकरी सांभाळून ती व्हिडिओ करायची. ‘महाराष्ट्रातून चेन्नईत’ असं काहीतरी तिचं चालायचं, आणि म्हणे हजारो बायका बघायच्या.

“मामी, तुमच्याकडे सी-व्ह्यूवालं रिकामं घर आहे ना? एक दिवस किल्ली द्या ना. होम टूर करायचीय.”

“कोणाच्या होमची टूर?”

“अहो, घर दाखवायचं नुसतं. तुमचीही जाहिरात होईल. तुम्हीपण या ना व्हिडिओत! तुमचं मराठी किती गोड आहे.”

माझं मराठी गोड आहे असं महाराष्ट्रातल्या माणसानं मला आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. लगेच विरघळले मी. तेवढ्यावर एका घराची किल्ली दिली, म्हातारी झाले तरी अक्कल ती तेवढीच. साडीसुद्धा चांगली नेसून गेले, कांजीवरम!

सायलीनं सगळं मांडलं. झोपाळ्यावर उशा, खिडकीत मोगऱ्याचा गजरा, दाराला तोरण. नवऱ्याला लॅपटॉपची पिशवी देऊन दारातून तीन वेळा बाहेर पाठवलं आणि कॅमेऱ्याला म्हणाली, “हे निघाले ऑफिसला! इथून सगळ्या कंपन्या तशा जवळच आहेत.” मग म्हणाली, “मामी, आता दूध उतू घालवायचं. नव्या घराचा फील येतो.”

“आडी आहे, बाई. आडीत दूध नाही ठेवत.”

“मामी, कॅमेऱ्याला काय कळतंय आडी?”

खरं होतं. कॅमेऱ्याला काही कळत नव्हतं. मी गॅस पेटवला, भांडं ठेवलं, दूध वर आलं, उतू गेलं, आणि मी कॅमेऱ्याकडे बघून हात जोडून म्हणाले, “या, या. इथं आपलीच माणसं आहेत. मी आहे ना.” एवढंच वाक्य. सायली म्हणाली, एका टेकमध्ये झालं! खाली उतरताना वॉचमन सेल्वमला दुधाचा पेला दिला. त्यानं वर बघितलं, पेल्यातलं दूध बघितलं, आणि पेला हातात न घेताच म्हणाला, “आडी मासं, अम्मा.” म्हणजे, आडीचा महिना आहे, बाई. मी पेला तिथंच पायरीवर ठेवून निघाले.

व्हिडिओ खूप बघितला गेला. खाली शेकडो बायकांनी बदाम टाकले, ‘किती नशीबवान’, ‘मामी किती गोड’. त्या सगळ्या गर्दीत तमिळमध्ये एकानं एकच ओळ लिहिली होती की आडीत दूध उकळणारी ही कसली माणसं, नाटक दिसतंय. इथल्या कोणालाही पहिल्या झटक्यात कळलं असतं. पण ज्यांना कळलं असतं ते तो व्हिडिओ बघत नव्हते, आणि जे बघत होते त्यांना आडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. व्हिडिओखाली सायलीनं माझा नंबर दिला होता, तेव्हा माझा फोन दिवसभर वाजायला लागला. मला काय आवडायचं ते! रिक्षावाल्यालाही सांगितलं मी व्हिडिओबद्दल.

गणपतीच्या सुमारास वैशालीचा फोन आला. बार्शीकडच्या एका शाळेत शिक्षिका, पंधरा वर्षांची कायमची नोकरी. नवरा संदीप इरुंगाट्टुकोट्टैच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला, वर्षभर चार जणांत एक खोली करून राहत होता. मुलगी आईजवळ. तीन माणसांचा संसार दोन ठिकाणी तुटलेला.

“मामी, मी तुमचा व्हिडिओ वीसदा बघितलाय,” ती म्हणाली. “एकच विचारते, खरं सांगा. तिथं खरंच तसं आहे? आमच्या ह्यांना तिथून जायला-यायला पडेल? मला उद्या राजीनामा द्यायचाय. देऊ ना?”

इतकं सरळ कोणी मला तीस वर्षांत विचारलं नव्हतं. तिनं इरुंगाट्टुकोट्टैचं नाव घेतलं होतं. कोवलम कुठं, इरुंगाट्टुकोट्टै कुठं! शहराचं एक टोक ते दुसरं टोक, एका बाजूनं दोन तास, आणि कंपनीची बस कोवलमपर्यंत येतच नाही. मला हे पाठ होतं. पण त्या दिवशी सकाळपासून तो सहावा फोन होता, आणि मी व्हिडिओतली मामी झाले होते. मी म्हणाले, “या हो. परवाइल्लै, काही हरकत नाही, सगळं होतं. मी आहे ना.”

बसचा थांबा मी विचारला नाही. तिनं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

दिवाळीच्या सुट्टीत ती एकटी घर बघायला आली. संदीपला शिफ्ट होती. मी तिला कोवलमच्या बसमधून नेलं. उंच, सावळी, शाळेत आवाज चढवून चढवून घसा जाड झालेली बाई. रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती. “मामी, इथून ह्यांची कंपनी किती लांब?” तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा माशांच्या गाड्यांकडे बोट दाखवून विषय बदलला. लाज वाटते सांगायला.

घरात शिरल्यावर ती आधी बाल्कनीत गेली. समुद्र होता, समुद्राबद्दल कोणी खोटं बोललं नव्हतं. तिनं पटकन स्वतःचा एक फोटो काढून घेतला, मागं सगळा समुद्र. मग आत आली, प्रवासानं चेहरा चिकट झाला होता म्हणून बेसिनशी गेली. माझ्या पिशवीतली साबणाची वडी मीच तिच्या हातात दिली. तिनं हात चोळले. पुन्हा चोळले. नळ मोठा केला.

“फेस का येत नाही हो?”

तेव्हा मी बोलले. पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. घर मूर्ती सारांचं, सायली इथं एक दिवसही राहिलेली नाही, ती बोळात राहते. पाणी हे असं. संदीपला पहाटे साडेचारला निघावं लागेल आणि तो येईल तेव्हा मुलगी झोपलेली असेल. आणि दूध आडीतलं, म्हणजे उतू घालवायचंच नव्हतं ते.

ती ओले हात तसेच पुढे धरून उभी होती.

“मी तुम्हांला विचारलं होतं, मामी,” ती म्हणाली.

मी उठून नळ बंद केला.

मग मलाच सुचलं. “राजीनामा मंजूर झाला का?”

“सुट्टीनंतर संस्थेची बैठक आहे. तेव्हा होईल.”

“मग अजून काही गेलेलं नाही! आत्ता हेडसरांना फोन लाव. मागं घेते म्हण. वर्षभर अजून थांबा, संदीपला तिकडे काही मिळतंय का बघा, नाहीतर इकडे नीट बघून मग सोड. पण आज मागं घे. लाव फोन.”

मी तिच्या हातात तिचा फोन कोंबला. ती खाली फरशीवर बसली. म्हणाली, “मामी, सेंड-ऑफ झाला ना. शाल, श्रीफळ, फोटो. मी स्टेटस ठेवलं, ‘नवी सुरुवात’. अख्ख्या गावानं बघितलं.”

“स्टेटस पुसता येतं!”

“पोरींनी माझ्या गळ्यात पडून रडून घेतलंय हो.”

तरी तिनं फोन लावला. माझ्याकडे बघत लावला. खोली रिकामी असल्यामुळे पलीकडचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. हेडसर भले माणूस असावेत, आनंदानंच ओरडले, “मॅडम! पोचलात का? अहो, तुमचं घर आम्ही शेवटच्या दिवशी प्रोजेक्टरवर दाखवलं पाचवीच्या मुलांना! मुलं म्हणाली, मॅडम रोज समुद्र बघणार! आहे ना तसाच?”

मी तिच्याकडे बघून हातानं खुणा करत होते, बोल, बोल. आत्ता नाही बोललीस तर संपलं. मनात म्हणत होते, पोरी, एवढी पंधरा वर्षं आवाज चढवलास, आता एकदा चढव.

वैशालीनं समुद्राकडे बघितलं.

“हो सर,” ती म्हणाली. “अगदी तसाच आहे. छान आहे सगळं.”

फोन ठेवला. बैठकीत राजीनामा मंजूर झाला.

मला त्या व्हिडिओचा राग येतो, त्या प्रोजेक्टरचा येतो, दुसऱ्याच्या झोपाळ्यावर बसून नशीब विकणाऱ्या सायलीचा येतो. सायलीला मी फोन करून झाडलं, तर म्हणाली, “मामी, मी कोणाला या म्हणाले नाही. ‘या’ तर तुम्ही म्हणालात.” तोंडात मारल्यासारखं झालं, पण शब्द न शब्द खरा होता. व्हिडिओ काढून टाक म्हटलं, तर तो म्हणे तिचा सगळ्यात जास्त चाललेला आहे. नंबर मात्र काढते म्हणाली. तोही काढला नाही.

वैशालीला मी श्रीपेरंबुदूरच्या अलीकडे, संदीपच्या कारखान्याजवळ, घर बघून दिलं. ह्या वेळी साबणाची अख्खी वडी झिजवली. पाणी गोडं, बसचा थांबा चार मिनिटांवर. खाली टायरचं दुकान, समोरून दिवसभर ट्रेलर जातात, खिडकी उघडली की धूळ. संदीप संध्याकाळी उजेडात घरी येतो, मुलगी त्याच्या पाठीवर बसते, हे मी स्वतः बघितलं. तेवढं मला खोटं म्हणता येणार नाही. पण पंधरा वर्षं वर्गावर उभी राहिलेली बाई आता कंपनीतल्या मराठी लोकांच्या चार पोरांना शनिवारी बाराखडी शिकवते, आणि उरलेला आठवडा धूळ पुसते. इथल्या शाळांना तिच्या मराठीचा काय उपयोग? हेही मी त्या दिवशी फोनवर सांगू शकले असते.

त्या घरी दूध मीच उतू घालवलं, महिना चांगला बघून. वैशालीनं फोटो काढला. फार जवळून काढला, फक्त भांडं आणि फेस दिसेल असा. टायरचं दुकान येऊ नये म्हणून खिडकीही लावून घेतली. दुसऱ्या दिवशी तिचं स्टेटस बघितलं तर त्या दुधाच्या फोटोनंतर कोवलमचा फोटो होता. ती, आणि मागं सगळा समुद्र. अजूनही दर थोड्या दिवसांनी तो लावते. मी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारू?

ह्या आडीत दुपारची पडले होते, तेव्हा फोन आला.

“मामी ना? मी कल्पना. वैशाली मॅडमच्या शाळेत आहे, त्यांच्याच शेजारच्या वर्गावर. आमच्या मिस्टरांना गुम्मिडिपूंडीला नोकरी लागलीय. मॅडमचं स्टेटस बघते ना मी रोज, आणि तुमचा व्हिडिओ तर पाठ आहे. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या छान आहे. मी पण राजीनामा देतेय. पण म्हटलं, एकदा तुम्हांला विचारावं.”

मी उठून बसले. देवानं पुन्हा संधी दिली म्हणा, काही म्हणा. वैशालीच्या घराबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, ते तिचं तिनं सांगायचं. बाकी सगळं सांगितलं. दम लागेस्तोवर सांगितलं. ते घर कोणाचंच नव्हतं. दूध आडीत ठेवलं होतं, खोटं होतं. पाण्याला फेस येत नाही. गुम्मिडिपूंडी तर शहराच्या पार उत्तरेला, कोवलम दक्षिणेला. मराठी शिक्षिकेला इथं नोकरी नाही. “हाताला कायमची नोकरी आहे ती सोडू नकोस, पोरी. आधी सुट्टीत ये, महिनाभर राहा, नळ सोडून हात धू, नवऱ्याच्या बसमधून एकदा जाऊन ये. मग ठरव. व्हिडिओत मी जे म्हणाले ते विसर. आत्ता सांगतेय ते ऐक.”

पलीकडून मधूनमधून ‘हो, हो’ येत होतं. मला वाटलं, चला, एक तरी वाचली.

“मामी,” ती जरा दबकतच म्हणाली, “तुम्ही नक्की त्या व्हिडिओतल्याच मामी ना? त्या किती गोड बोलतात हो.”